रेघेच्या आतलं शून्य

दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला मनवेलपाड्यातल्या ‘अभयकुंज’ संकुलाच्या फाटकात एका शून्याची पूजा होत असे.

शून्य म्हणजे खरोखरचं शून्य. वॉचमनच्या केबिनला लागून सहा फुटी पत्र्याचा फलक उभा होता. डावीकडे भगव्या अक्षरांत ‘मर्यादेच्या आत मृत्यू’ आणि त्याखाली परातीएवढं शून्य. उजवीकडे काळ्या अक्षरांत ‘रस्त्यापलीकडे मृत्यू’ आणि त्याखाली ४१. तळाशी बारीक अक्षरांत, ‘गेल्या चार वर्षांची महापालिकेकडील अधिकृत नोंद’. शून्याला झेंडूचा हार घातला जाई, उदबत्ती ओवाळली जाई, पेढा दाखवला जाई. एक्केचाळीसकडे बघून बायका नुसत्याच हळहळत.

फलकाच्या शेजारी पांढरी ॲम्ब्युलन्स उभी असे. तिच्यावर ‘अभय सेवा-रथ’ असं लिहिलेलं. भक्तांच्या देणगीतून घेतलेली, रहिवाशांना फुकट. जिथे मरण येतच नाही तिथे ॲम्ब्युलन्स कशाला, हा प्रश्न चार वर्षांत कोणाला पडला नव्हता.

“यमाच्या वहीत या प्लॉटचा सर्व्हे नंबरच नाही,” अभयनाथ महाराज माइकवरून सांगत होते. “मी काढून घेतलाय. तो येतो, मनवेलपाडाभर हिंडतो, रिक्षावाल्यांना पत्ता विचारतो. शेवटी समोरच्या बिल्डिंगमध्ये शिरतो. तिथे त्याला दार उघडं मिळतं.”

दीडदोनशे माणसं हसली.

“वरच्या मजल्यावरचे भक्त विचारतात, महाराज, गच्चीवर अभय आहे का? आहे. शेडखाली पूर्ण, उघड्यावर निम्मं. मी खोटं सांगून कुणाला फसवत नाही.”

महाराज होण्याआधी त्यांचं माणिकपूरला रिक्षास्टँडच्या मागे फ्लॅट दाखवण्याचं दुकान होतं. तिथली भाषा जिभेवरून गेली नव्हती. तिन्ही इमारतींभोवती, कंपाउंडच्या भिंतीला धरून, त्यांनी चार बोटं रुंद भगवी रेघ मारून घेतली होती. तीच मर्यादा. फाटकात ती गाड्यांच्या चाकांनी पुसली जायची, म्हणून दर महिन्याला तिथे ऑइलपेंटचा नवा हात बसे. नियम एकच होता. आजारी माणसाने महाराजांकडून एकवीस दिवसांचं अनुष्ठान घ्यायचं आणि त्या दिवसांत रेघ ओलांडायची नाही. ओलांडली, तर पुढची जबाबदारी महाराजांची नाही.

ए विंगच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून मीरा हे सगळं ऐकत होती. तिच्या मागे पलंगावर सासरे, सुधाकरराव, उशाला टेकून बसले होते. त्यांच्या अनुष्ठानाचा तेरावा दिवस होता, आणि खोलीत त्यांच्या पायाचा वास होता.

वास आता फिनेलने जात नव्हता. महिन्याभरापूर्वी नव्या चपलेने उजव्या पायाला फोड आला. मधुमेह वीस वर्षांचा. फोडाची जखम झाली, जखम अंगठ्यावरून शेजारच्या बोटावर गेली. सुधाकरराव दिवसातून दोनदा चादर बाजूला करून तिच्याकडे बघत आणि पुन्हा चादर ओढून घेत.

पुढच्या मंगळवारी समोरच्या नर्सिंग होममधल्या डॉक्टर ॲंजेला रस्ता ओलांडून स्वतः आल्या. सांडोर गावच्या बाई, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पाय पाहिला, पोटरी दाबली, ताप मोजला.

“काका, दोन बोटं गेल्यात जमा आहेत,” त्या म्हणाल्या. “बाकीचा पाय अजून तुमचा आहे. परवा गुरुवारी संध्याकाळपर्यंत या. त्यानंतर मी पायाबद्दल बोलणार नाही, तुमच्याबद्दल बोलेन.”

“डॉक्टर, एक विचारू? तुमच्याकडे चार वर्षांत एक्केचाळीस माणसं दगावली. खरं की खोटं?”

“खरं.”

“आणि या तीन इमारतींत?”

“मला माहीत नाही.”

“मला माहीत आहे. शून्य. महापालिकेचं लेखी उत्तर आहे, माहिती अधिकारातलं. जावक क्रमांक आहे, शिक्का आहे.” सुधाकरराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. “मी अंगारे लावणारा माणूस नाही. त्या शून्याला मी आजवर नमस्कारसुद्धा केलेला नाही. पण आयुष्यभर आकड्यांवर सह्या केल्या. एका बाजूला शून्य, एका बाजूला एक्केचाळीस. तुम्ही माझ्या जागी असतात तर कुठे झोपला असतात?”

“माझ्याकडे आजारी माणसं येतात, काका. मरणाऱ्यांत आजारी जास्त असणारच.”

“इथेही आजारी आहेत. हा मी काय आहे?”

डॉक्टरांनी थर्मामीटर पुसून पिशवीत टाकला. दारात चपला घालताना त्या मीराला हळूच म्हणाल्या, “शुद्धीवर असलेला माणूस नाही म्हणतोय. मी त्यांना उचलून नेऊ शकत नाही. तुम्हीही नेऊ नका. पटवा.”

पटवायचं कसं? आकडा खोटा असता तर सोपं होतं. मीराने सेक्रेटरी हर्षवर्धनकडून ते उत्तर मागून पाहिलं होतं. कागद अस्सल होता. अभयकुंजच्या पत्त्यावर चार वर्षांत घडलेले मृत्यू: निरंक. समोरच्या ‘गोकुळ’ इमारतीच्या पत्त्यावर: एक्केचाळीस.

तिने चाकणला फोन लावला. नवरा, विघ्नेश, कंपनीच्या कामावर तीन महिने तिकडे होता.

“मी काय करू, मीरा? बाबांनी आजवर माझं काही ऐकलंय? आणि आईचं आठवतंय ना तुला.”

आठवत होतं. सासूबाई, हंसाबाई, दोन वर्षांपूर्वी याच पलंगावरून गेल्या. म्हणजे पलंगावर धाप लागली, रथातून समोर नेलं, आणि अर्ध्या तासात संपलं. दहाव्याच्या दिवशी महाराज घरी येऊन बसले होते. डोळे मिटून म्हणाले होते, “माउलींनी रेघ ओलांडायला नको होती, सुधाकरराव. मी अडवू शकलो नाही.” त्या दिवसापासून सुधाकररावांनी स्वतःला माफ केलं नव्हतं. स्ट्रेचरला ‘हो’ त्यांनी म्हटलं होतं. आता स्वतःच्या पायासाठी तीच रेघ ओलांडायची, हे त्यांच्याने होत नव्हतं. त्याला ते आकड्यांचं नाव देत, इतकंच.

बुधवारी सकाळी लिफ्टच्या दारावर कागद चिकटलेला होता, ‘दुरुस्तीसाठी बंद’. मंगळवारी रात्रीपर्यंत लिफ्ट उत्तम चालली होती. मीरा दूध घेऊन जिना चढत असताना दुसऱ्या मजल्यावर हर्षवर्धन भेटला.

“वहिनी, डॉक्टरीण येऊन गेली म्हणे. उद्या काकांचा विसावा दिवस. एका दिवसासाठी मोडू नका.”

“पाय काळा पडलाय, हर्षवर्धनभाऊ.”

“म्हणूनच आत ठेवा. आणि बोर्डाचाही विचार करा. लोक आईवडिलांना घेऊन इथे राहायला येतात ते बोर्ड बघून. अगदीच काही वाटलं तर रथ आहे की. महाराज सांगतील तेव्हा नेऊ.”

महाराज सांगतील तेव्हा. मीरा वर आली, दार लावलं. बाहेर जिन्यात बी विंगमधल्या चार बायका चटई टाकून सुधाकररावांसाठी जप करायला बसल्या. म्हणजे आता दार उघडलं तरी त्यांच्यावरून उडी मारून जायचं. खिडकीखाली भगवी रेघ, दारात जप, लिफ्ट बंद, आणि पलंगावर असा माणूस जो स्वतःच स्वतःच्या दाराची कडी झालेला.

काम तरी थांबवून चालणार नव्हतं. मीरा घरून टायपिंग करत असे. एका विद्यापीठाने शंभरेक वर्षांपूर्वीचे, वेगवेगळ्या शहरांच्या आरोग्य अधिकाऱ्यांचे वार्षिक अहवाल स्कॅन केले होते. त्यांतले तक्ते संगणकात भरायचे. वॉर्डाचं नाव, लोकसंख्या, वर्षभरातले मृत्यू, हजारी प्रमाण. दोन महिने ती रोज मेलेल्या माणसांचे आकडे भरत होती आणि त्यांचा अर्थ तिच्या मनात शिरत नव्हता. बोटं आपली चालत.

त्या दुपारी सासऱ्यांच्या पलंगाशी बसून ती एकोणीसशे नऊ सालचं पान भरत होती. एका वॉर्डात हजारी चौऱ्याण्णव मृत्यू. दुसऱ्यात हजारी चौदा. चौऱ्याण्णव पाहून तिचं बोट अडखळलं. चूक असावी म्हणून तिने स्कॅन मोठा केला. आकडा बरोबर होता. त्याच्या डोक्यावर चांदणी होती, आणि पानाच्या तळाशी बारीक इंग्रजीत त्या अधिकाऱ्याने टीप दिली होती. मीराने ती दोनदा वाचली.

पहिल्या वॉर्डात शहराचं मोठं इस्पितळ आहे, त्याने लिहिलं होतं. तिथे मरणारे लोक तिथले रहिवासी नव्हेत. दुसरा वॉर्ड गिरणी कामगारांच्या चाळींचा आहे. तिथला माणूस आजारी पडला की बोटीने कोकणातल्या गावी जातो आणि तिथे मरतो. तेव्हा पहिल्या वॉर्डाची हवा विषारी नाही आणि दुसऱ्याची अमृत नाही. प्रत्येक मृत्यू आधी त्याच्या घरी परत पाठवावा, मग तुलना करावी. त्याखाली त्याने दुसरा तक्ता दिला होता, ‘दुरुस्त’. त्यात चाळींचा आकडा चौदावरून अडतीसवर गेला होता आणि इस्पितळाच्या वॉर्डाचा बावीसवर उतरला होता.

मीरा उठली आणि खिडकीशी गेली. समोर गोकुळ इमारत होती. तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर बारा खाटांचं नर्सिंग होम, वर बत्तीस घरं, शंभर-सव्वाशे माणसं. चार वर्षांत त्यातली एक्केचाळीस मेली असती तर दर तीन माणसांतलं एक गेलं असतं. पण दोऱ्यांवर कपडे तसेच वाळत होते, गच्चीवर पोरं तशीच खेळत होती.

तेवढ्यात जिन्यातला जप थांबला आणि कुणाचं तरी बोलणं ऐकू आलं.

“सरका, बायानो. केळी हाईत डोक्यावर. चार मजले चढून आलोय, आता रामाचं नाव मीच घेतो.”

सासूबाईंचे भाऊ होते, काशीराम. खाडीकाठच्या त्यांच्या वाडीतून महिन्यातून एकदा केळी, भाजी घेऊन येत. त्यांनी घड खाली ठेवला, मेहुण्याच्या पायाकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात आले.

“पोरी, हा मानूस मरायला बसलाय.”

“मामा, आईंना नेलं तेव्हा तुम्ही होतात ना?”

“व्हतो ना. स्ट्रेचरची एक बाजू माझ्या हातात व्हती.” काशीराम ओट्याला टेकले. “सकाळी आठपासून तिला धाप. मी बोललो, समोर दवाखाना हाय, नेऊ. हर्षवर्धन बोलला, महाराजांना इचारतो. इचारता इचारता दोन वाजले. मग महाराज आला. हंसाची नखं बघितली आनि बोलला, आता न्या.”

“नखं?”

“निळी पडली व्हती. मी बैल बघितलेत मरताना, मला कळतं. त्यालाही कळत व्हतं. हंसानं पानी मागितलं. मी बोललो, पलीकडं गेल्यावर देतो. पलीकडं गेलो, पानी आनलं. पेला माझ्याच हातात राहिला.”

मीराने कपाट उघडून कागदांची पिशवी काढली. सासूबाईंच्या मृत्यूचा दाखला सापडला. तिने तो आजवर पेन्शनच्या कामासाठी तीनदा झेरॉक्स केला होता, वाचला मात्र नव्हता. त्यावर दोन वेगळे रकाने होते. मृत्यूचे ठिकाण: नर्सिंग होम, गोकुळ इमारत. मृत्यूसमयीचा पत्ता: ए/४०३, अभयकुंज.

“मामा, बाबांजवळ बसाल? मला दारं वाजवायची आहेत.”

संकुलात शहाण्णव घरं होती. बुधवारची दुपार-संध्याकाळ आणि गुरुवारची सकाळ, एवढ्यात तिने सगळी वाजवली. नव्वद उघडली. ती एकच विचारत होती: गेल्या चार वर्षांत तुमच्या घरातलं कोणी गेलं का, आणि दाखला आहे का? दाखला प्रत्येकाकडे होता. बँकेला लागतो, पेन्शनला लागतो, वारस नोंदीला लागतो. प्रत्येकाच्या कपाटात तो एकेकटा पडून होता. सगळे एकत्र कोणी ठेवले नव्हते.

सी विंगमध्ये एक बाई म्हणाली, “आमच्या सासूबाई ना? त्या इथे नाही गेल्या. गावी गेल्या, राजापूरला.”

“राहायच्या कुठे?”

“इथेच की. शेवटचे आठ दिवस तिकडे नेलं. महाराज म्हणाले, जन्मभूमी बोलावतेय.”

“मग त्यांना इथल्यांत धरायचं की नाही?”

“इथल्यांत कसं धरणार? त्या तर...” बाई बोलता बोलता थांबली. मग आत जाऊन दाखला घेऊन आली.

गुरुवारी दुपारपर्यंत सतरा दाखले जमले. अकरा समोरच्या नर्सिंग होममधले, चार लांबच्या मोठ्या रुग्णालयांतले, दोन कोकणातले. मीराने डॉक्टर ॲंजेलांना फोन केला.

“नावं सांगता येणार नाहीत,” त्या म्हणाल्या.

“नावं नकोत. एक्केचाळीसपैकी गोकुळमध्ये राहणारे किती?”

पानं उलटल्याचा आवाज आला. “तीन. बाकीचे मनवेलपाडाभरचे. आणि मीरा, मी खाट तयार ठेवलीय. आज ताप किती?”

“एकशे तीन.”

साडेचार वाजता ती पलंगाशी बसली. सुधाकररावांचे ओठ सुकले होते, पण डोळे जागे होते. तिने समजूत घातली नाही, हात जोडले नाहीत. सतरा कागद त्यांच्या मांडीवर ठेवले आणि चष्मा दिला.

“बाबा, फाईल तपासायची आहे.”

“कसली?”

“जमाखर्चाची नाही. माणसांची. प्रत्येक कागदावर दोन रकाने आहेत, तेवढे बघा.”

त्यांनी पहिला कागद उचलला, दुसरा उचलला. पाचव्या कागदानंतर त्यांचा वेग वाढला, हेडक्लार्कचा हात आपोआप चालू लागला. डावीकडे ठिकाण, उजवीकडे पत्ता. ठिकाण बदलत होतं, पत्ता बदलत नव्हता. अभयकुंज, अभयकुंज, अभयकुंज.

“झेरॉक्स आहेत,” ते म्हणाले. “मूळ प्रती पाहिल्यास?”

“प्रत्येक.”

“म्हणजे त्या उत्तरात मृत्यूचं ठिकाण मोजलंय. राहण्याचा पत्ता मोजलेला नाही.”

“हर्षवर्धनभाऊंनी ठिकाणच विचारलं होतं. महापालिकेने विचारलं तेवढंच सांगितलं.”

“उत्तर बरोबर. प्रश्न चुकीचा.” त्यांनी कागद बोटाने पुन्हा मोजले. “म्हणजे सतरा. समोर तीन. मग ही रेघ उलट मारते म्हणायची की काय?”

“तसंही नाही. इकडे माणसं तिप्पट आहेत, आणि बोर्ड बघून लोकांनी म्हातारे आईबाप इथे आणून ठेवलेत. हजारी काढलं तरी जास्त येतं, ते वयामुळे असेल. आणि समोरचे जे दुसरीकडे जाऊन वारले, ते आपण मोजलेलेच नाहीत. रेघ मारत नाही, बाबा. तारतही नाही. नुसता रंग आहे.”

शेवटचा कागद हंसाबाईंचा होता. तो त्यांनी चष्म्याजवळ धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

“ही एक्केचाळिसांत आहे,” ते म्हणाले. “दोन वर्षं मी त्या आकड्याला भीत होतो. त्यात ही होती.”

काशीराम दाराशी उभे होते. “दाजी, तुम्ही नेलं म्हनून ती गेली नाय. ती चालली व्हती म्हनून आपल्याला नेऊ दिलं. सकाळी नेलं असतं तर काय झालं असतं, ते मला ठाव नाय. कुनालाच ठाव नाय. पन रेघेनं कायबी केलं नाय.”

सुधाकररावांनी कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या. मग चादर बाजूला केली.

“मीरा, सदरा दे. आणि काशीराम, धनेशला बोलवून घे. लिफ्ट बंद आहे ना?”

धनेश, काशीरामांचा मोठा मुलगा, टेम्पो चालवायचा. त्याला पोहोचायला दीड तास लागला. बापलेकांनी सुधाकररावांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं. जपाच्या बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. एक म्हणाली, “काका, एकच दिवस राहिला हो.” दुसरीने चटई गुंडाळून वाट करून दिली.

फाटकात शून्याला हार चढत होता. खुर्ची गर्दीतून पुढे आली तशी माणसं बाजूला झाली, थोडी वासामुळे, थोडी धसक्याने. रस्त्यापलीकडे डॉक्टर ॲंजेला पांढऱ्या कोटात उभ्या होत्या. हर्षवर्धन आडवा आला.

“काका, असं करू नका.”

“खुर्ची इथेच ठेवा,” सुधाकरराव म्हणाले. रेघ दोन हातांवर होती. “महाराज, एक शंका आहे.”

“विचारा, सुधाकरराव. पण आत राहून विचारा,” महाराज माइकवर म्हणाले. काही लोक हसले.

“माझी बायको कोणत्या रकान्यात आहे?”

महाराजांनी माइक किंचित खाली घेतला. “माउली रेघ ओलांडून गेल्या. त्याचं दुःख मला...”

“राहत इथे होती. मृत्यू तिकडच्या नावावर टाकलात. अशा सतरा जणांचे दाखले माझ्या मांडीवर आहेत. नव्वद घरांतले सतरा. सहा घरं उघडली नाहीत, म्हणजे किमान सतरा.”

“मी माझा शब्द सांगतो,” महाराजांचा आवाज पुन्हा चढला. “या रेघेच्या आत एक तरी मेला? एक दाखवा. मी आत्ता बोर्ड उतरवतो.”

गर्दीतून होकार आला. खरंच होतं, एक दाखवता येत नव्हता.

“कसा दाखवणार?” सुधाकरराव म्हणाले. ताप त्यांच्या आवाजात होता, पण शब्द सुटे येत होते. “एखाद्या शाळेने नापास होणाऱ्या पोराला परीक्षेच्या आदल्या दिवशी दाखला देऊन घालवायचं, आणि फाटकावर लिहायचं, निकाल शंभर टक्के. तुम्ही रथ ठेवलात तो त्यासाठी. नखं निळी झाली की ‘आता न्या’. मेला की समोरच्यांच्या खात्यात. आणि वाचून परत आला की म्हणायचं, रेघेच्या आत आला म्हणून वाचला.”

“ती सेवा होती,” महाराज म्हणाले.

“सकाळी आठला दिली असती तर सेवा,” काशीराम म्हणाले. “दोनला दिली ती झाडलोट.”

कोणीतरी हसलं. मग गर्दीच्या कडेला उभी असलेली बी/२०४ मधली दिपिका बोलली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

“आमचे पप्पा आतच गेले. घरात. मी हात धरला होता, थंड झाला होता. हर्षवर्धनभाऊ म्हणाले, अजून धुगधुगी आहे, पटकन रथात घाला.” तिने महाराजांकडे पाहिलं नाही. “मग महाराज मला म्हणाले, कुणाला बोलू नका, मर्यादा तुमच्या घरामुळे मोडली असं लोक म्हणतील. दीड वर्ष मी बोलले नाही.”

रस्त्यापलीकडून डॉक्टर आता फाटकापर्यंत आल्या होत्या. “माझ्या कागदावर मी ‘मृतावस्थेत आणले’ असंच लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “ते कोणीही वाचू शकलं असतं. काका, आता पुरे. चला.”

आरडाओरडा झाला नाही. फ्लॅट बघायला आलेलं एक जोडपं आधी निघून गेलं. मग लोक एकमेकांना विचारू लागले: तुमच्या वडिलांना किती वाजता नेलं होतं? आणि आजार कधी सुरू झाला होता? महाराज कलियुगाबद्दल काहीतरी सांगत होते, पण माइकसमोरची माणसं आपल्या माणसाला नेलं त्या दिवसाची वेळ आठवत होती.

काशीरामांनी आणि धनेशने खुर्ची उचलली. रेघेवर येताना सुधाकररावांनी डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा ते रस्त्याच्या मधोमध होते आणि एक रिक्षावाला बाजूला व्हा म्हणून हॉर्न वाजवत होता.

दोन बोटं गेली. पाय राहिला. सोळा दिवसांनी ते काठी टेकत परत आले, लिफ्टने. लिफ्टची दुरुस्ती, त्यांना खुर्चीतून उतरवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, कोणीही हात न लावता झाली होती. महाराज गुरुवारी येईनासे झाले होते. लांबच्या एका नव्या टॉवरभोवती कुणी भगवी रेघ मारून दिल्याचं ऐकू येत होतं. इथला फलक मात्र तसाच उभा होता. उतरवायचा कोणी, यावर सोसायटीत एकमत होत नव्हतं.

“उतरवायचा कशाला?” सुधाकरराव म्हणाले. “दप्तरातली चूक फाडून टाकत नाहीत.”

त्यांनी मीराला काळा रंग आणि बारीक ब्रश आणायला लावला. स्टूलवर बसून शून्यावर एकच आडवी रेघ मारली. खालचा मूळ आकडा वाचता आला पाहिजे, असा कचेरीचा नियम. वर लिहिलं, १७ (किमान). ४१ वर तशीच रेघ, वर ३ (किमान). दोन्हींच्या शेजारी सही आणि तारीख. मग तळाशी, शेऱ्याच्या जागी, ठळक अक्षरांत:

‘मृत्यू माणूस राहत होता त्या घराच्या खाती धरावा. आत वृद्ध अधिक असल्याने व आकडे लहान असल्याने दोन्ही बाजूंची तुलना करू नये. कोणीही आकडा दाखवील तर तो कोणी, कुठे व कसा मोजला हे विचारावे. आजारी पडल्यास त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. ही रेघ कोणालाही अडवत नाही.’

जाता-येता लोक थांबून वाचत होते. दिपिकाने मोबाइलवर फोटो काढला. मीराने ब्रश घेतला आणि सासऱ्यांना उठायला हात दिला.

“ए/४०३च्या खाती सध्या एक आहे,” ते फलकाकडे बघत म्हणाले. “दुसरा होईल तेव्हा विसरू नकोस. कुठेही नेलंस तरी इथलाच धर.”

“बरं, बाबा.”

दोन पावलं चालून ते थांबले, काठी रेघेवर टेकून.

“आणि ने मात्र वेळेवर.”